बंदुकांच्या बाजारातली खुर्ची

माझ्यावर बसण्याआधी जरा थांबा, मित्रांनो. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे आणि माझी बिजागरी बोटं चिमटते. पूर्वी चुकून चिमटायची, आता मुद्दाम चिमटते. माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही. खुर्चीनं सोशिक असावं असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर त्यानं माझ्याइतकं ओझं पेललेलं नसणार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, करडा रंग फासला आणि आमच्यातल्या मोजक्या जणींना बसायला मऊ गादी लावली. मी त्या भाग्यवंतांपैकी. तिथून मालमोटारीत घालून आम्हाला अमेरिकेच्या मधोमध असलेल्या एका गावात आणलं. गावाभोवती मक्याची शेतं आहेत, गावात विद्यापीठ आहे आणि गावाबाहेर जत्रेचं मैदान. त्या मैदानावरच्या पत्र्याच्या लांबलचक हॉलमध्ये माझं सारं आयुष्य गेलं.

हा हॉल कुणालाही भाड्यानं मिळतो. उन्हाळ्यात इथे गाई-डुकरांचं प्रदर्शन भरतं, मग कुणाचं लग्न, मग गोधड्यांची विक्री. गणपतीच्या दिवसांत मराठी मंडळ येतं आणि हॉलभर फोडणीचा वास दरवळतो. त्याच्या पुढच्याच शनिवारी कधी कधी बंदुकांचा बाजार भरतो. ज्या टेबलांवर मोदकांची ताटं मांडलेली असतात, त्यांवरच पिस्तुलं मांडतात. मला या कशाचंच वावडं नव्हतं. येईल त्याला बसू द्यायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

मंडळात आणि बाजारात, दोन्हीकडे हमखास दिसणारे गृहस्थ एकच, जगन्नाथ काका. गावच्या हमरस्त्यावर त्यांचा पेट्रोलपंप आहे. एकदा तिथे दरोडा पडला, त्यांच्या कपाळाला कुणीतरी बंदूक लावली आणि पोलीस यायला फार उशीर झाला. त्यानंतर काकांनी एक पिस्तूल घेतलं. मग दुसरं घेतलं. मग त्यांना नादच लागला आणि बंदुकांच्या बाजारात ते स्वतःचं टेबल मांडू लागले. गादीवाली म्हणून मलाच शोधून काढायचे आणि दिवसभर माझ्यावर बसायचे. मला त्यांचा लळा होता, हे आज सांगताना जीभ कडू होते.

मंडळातले काका तर सगळ्यांचे लाडके. पुण्या-नागपूरकडून शिकायला आलेलं एखादं नवं पोर गणपतीला आलं, की काका त्याला शेजारी बसवून घेत आणि चौकशीचा तोफखाना सुरू करत. आडनाव काय? म्हणजे कुठले तुम्ही? वडील कुठे असतात? कॉलेज कुठलं? कुणाच्या ओळखीनं आलास? पोराच्या सात पिढ्या कळल्याशिवाय त्याच्या हातात प्रसादाची वाटी पडत नसे. पोरं कंटाळायची, पण घरी आल्यासारखं वाटायचं त्यांना.

असाच एके वर्षी अनय आला. त्याची मोठी बहीण चैत्राली इथे आधीपासून संशोधन करत होती, तिच्या मागोमाग हाही आला. काकांच्या प्रश्नांना तो इतकी लांबलचक उत्तरं देत बसला, की शेवटी काकाच म्हणाले, "अरे, बस कर आता, शिरा गार होतोय!" सगळे हसले. निघताना इतरांनी आम्हाला नुसतं ढकलून दिलं, पण अनयनं एकेक खुर्ची नीट मिटून भिंतीला लावली. माझी गादी त्यानं हातानं झटकली होती. खुर्चीला कुणी असं करत नाही, मित्रांनो.

त्या हिवाळ्यात बंदुकांचा बाजार भरला. काका माझ्यावर बसलेले. एक माणूस आला, त्यानं एक पिस्तूल हातात घेऊन पाहिलं आणि रोख पैसे पुढे केले. आमच्या राज्यात नियम असा, की दुकानदारानं बंदूक विकली तर त्याला घेणाऱ्याची सरकारी चौकशी करावी लागते. पण एखाद्यानं घरची बंदूक विकली, तर काही नाही, आणि काका काही दुकानदार नव्हते. काकांनी पिस्तूल डब्यात घालून दिलं. तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स तरी बघितलंस का?" काका म्हणाले, "जाऊ दे रे, असं विचारणं बरं दिसत नाही. माणूस सभ्य होता."

त्या सभ्य माणसानं बायकोला मारहाण केली होती आणि न्यायालयानं त्याला बंदूक बाळगायला मनाई केली होती. चौकशी झाली असती, तर त्याला ते पिस्तूल मिळालंच नसतं. तो बायको राहत होती त्या इमारतीत गेला. ती घरी नव्हती, म्हणून वाचली. त्याच इमारतीत राहणारा अनय धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन जिना चढत होता. गोळी त्याला लागली. त्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

पिस्तुलाचा माग काढत पोलीस काकांच्या दारात आले. काकांनी खरं ते सांगितलं. कायद्यानं त्यात गुन्हा नव्हता, म्हणून पोलीस परत गेले. गावभर ही गोष्ट कळली. मंडळात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला बोलायचं कसं! पुढच्या गणपतीला सगळ्यांनी अनयसाठी डोळे मिटून शांतता पाळली आणि नंतर काकांच्याच हातून प्रसाद घेतला. चैत्राली आली नाही. माझ्यावर काका बसले, तेव्हा माझ्या सळ्या करकरल्या. लोकांना वाटलं, खुर्ची जुनी झाली.

मग राज्यात एक नवं विधेयक आलं. बंदूक कुणीही विकली, अगदी ओळखीच्या माणसानं विकली, तरी घेणाऱ्याची आधी चौकशी व्हावी, एवढीच त्यातली मागणी होती. लोकांचं म्हणणं ऐकायला आमदारबाई आमच्याच हॉलमध्ये आल्या. एवढी गर्दी झाली, की खुर्च्या पुरल्या नाहीत. आणि जो तो उठायचा, तो विरोधातच बोलायचा.

एक शेतकरीण म्हणाली, "माझा नवरा गेला. त्याची शिकारीची रायफल शेजारच्या मुलाला विकायची, तर मी सरकारला विचारू?" एक निवृत्त सैनिक म्हणाला, "आज चौकशी म्हणता, उद्या दारात पोलीस उभे कराल." टाळ्यांनी पत्रे थरथरत होते. यातल्या कितीतरी जणांना मी वर्षानुवर्षं बसवलं होतं. भली माणसं होती ती. त्या दिवशी मला त्यांच्या भलेपणाची चीड आली.

मग माझ्यावरून काका उठले आणि माईकपाशी गेले. इंग्रजीत छान बोलले. दरोड्याची गोष्ट सांगितली. म्हणाले, "मी माणूस बघून विकतो. माझी नजर हीच माझी चौकशी. हा कायदा चोराला अडवणार नाही, माझ्यासारख्या प्रामाणिक माणसाला मात्र छळेल." सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना मिळाल्या. त्यांना हे खरंच पटलं होतं का? मी त्यांना जवळून ओळखते, म्हणून सांगते. हा कायदा झाला असता, तर आपण चुकलो यावर शिक्का बसला असता. तो त्यांना नको होता.

त्यांच्यानंतर माईकपाशी चैत्राली आली. ती आमदारबाईंकडे वळलीच नाही. सरळ काकांकडे तोंड करून मराठीत म्हणाली, "काका, आधी मराठीत विचारते, मग या सगळ्यांना ट्रान्सलेट करून सांगते. अनय पहिल्यांदा गणपतीला आला, तेव्हा तुम्ही त्याला काय काय विचारलंत?"

काका पुटपुटले, "चैत्राली, इथे नको गं. घरी ये, आपण बोलू."

"आडनाव विचारलंत. गाव, बाबांची नोकरी, कॉलेज, कुणाच्या ओळखीनं आलास, सगळं विचारलंत. वाटीभर शिऱ्यासाठी एवढी एन्क्वायरी केलीत, काका. आणि त्या माणसाला काय विचारलंत? नाव तरी विचारलंत?"

काका माझ्यावर चुळबुळले.

"विचारलं होतंत?"

"नाही," काका म्हणाले. "पण आता माहीत आहे मला त्याचं नाव."

"आता ते सगळ्या गावाला पाठ आहे."

मग तिनं हे सगळं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "टाइम्स अप!" आणि पुढच्या वक्त्याला पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. सभा संपल्यावर काकांनी मला मिटायला हात घातला. मी त्यांचा अंगठा बिजागरीत धरला आणि रक्त येईपर्यंत सोडला नाही. माझ्यापाशी होतं तेवढं मी केलं.

विधेयक बारगळलं. विरोध करणारे जिंकले आणि पुढच्या बंदुकांच्या बाजारात त्यांनी दारावर फुगे लावले. काका पूर्वीसारखेच आले, टेबल मांडलं आणि मला न्यायला हात पुढे केला. त्याआधीच दुसऱ्या एका हातानं मला उचललं. ती चैत्राली होती.

तिनं या बाजारात रीतसर भाडं भरून टेबल घेतलं होतं. इथे मध, चाकू, सुकं मांस विकणारेही टेबल घेतात, त्यामुळे तिला नाही कोण म्हणणार? नेमकं काकांच्या समोरचं टेबल तिनं मागून घेतलं. त्यावर एक पाटी ठेवली: 'मी काही विकत नाही. फक्त नाव विचारते.' एका साध्या खुर्चीवर ती स्वतः बसली आणि मला शेजारी मांडून ठेवलं. माझ्यावर कुणालाच बसवलं नाही.

काकांच्या टेबलापाशी कुणी थांबलं, की ती समोरून हसून विचारायची, "हाय! व्हॉट्स युअर नेम?" खरं सांगायचं, तर बहुतेकांनी हसून नाव सांगितलं. काही जणांनी शिव्या घातल्या. ती पुढच्याला पुन्हा तेच विचारायची. काका तिच्याकडे बघायचं टाळत होते. एकदा मात्र दबक्या आवाजात म्हणाले, "किती सूड घेशील गं?" ती म्हणाली, "तुम्ही इथे बसाल तोवर."

दुपारी टोपीवाला एक माणूस आला. त्यानं एक पिस्तूल निवडलं आणि पैसे बाहेर काढले. काकांनी डबा त्याच्यापुढे केला. समोरून तोच प्रश्न आला. त्या माणसानं मान वळवली, टोपी कपाळावर ओढली, पैसे खिशात कोंबले आणि काही न बोलता बाजूच्या दारानं झपझप निघून गेला. दार बराच वेळ हलत राहिलं. काकांच्या हातात डबा तसाच पुढे धरलेला. पुन्हा एकदा माणूस बघून ते विकायला निघाले होते.

ते सावकाश उठले. सगळी पिस्तुलं पेट्यांमध्ये भरली, कुलपं लावली आणि आमच्यापाशी येऊन उभे राहिले.

मित्रांनो, इथे मला थोडं उपदेशाचं बोलू द्या, ते माझ्यासारखीला शोभतं. खुर्चीला ओलीत टाकू नका, बिजागरीला तेल घाला, दोन पायांवर झुलू नका. पण माझं खरं मागणं निराळं आहे. कुणाच्या हातात काय देता आहात ते नीट बघा, आणि बरं दिसत नसलं तरी विचारा. भिडेपोटी गप्प बसलेल्या माणसामुळे गेलेला मुलगा कुठल्याही शांततेनं परत येत नाही.

काका म्हणाले, "मी पण विचारतो तुझ्याबरोबर."

"विचारा," चैत्राली म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

आपल्याकडे वडीलधारं माणूस आलं, की तोंडातून आपसूक 'बसा' येतं. वैऱ्यालासुद्धा आपण बसा म्हणतो. काका त्या एका शब्दासाठी थांबले होते. मी शेजारीच होते, गादीसकट, रिकामी. तिनं बसा म्हटलं नाही. मग ते तसेच उभ्या उभ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारू लागले. संध्याकाळ होत आली, तसे ते गुडघे चोळत कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देऊ लागले. जन्मभर मी कुणाला बसायला नकार दिला नव्हता. त्या दिवशी सत्तरीचा एक थकलेला माणूस माझ्या शेजारी हॉल बंद होईपर्यंत उभा राहिला, आणि मला फार बरं वाटलं.