वाढलेल्या बांगड्या

जयवंताच्या हातात हात दिला की बाईचं मनगट आपोआप सैल पडायचं. निमगाव केतकीच्या बाजारात जयवंता पोत्यावर मांडी घालून बसायची. समोर काचेच्या बांगड्यांची टोपली आणि ओठांवर स्वतःच जुळवलेली ओवी:

मूठ सोड गं बाई, बोटांचं कर लोणी,
काच निघाली सासरी, तिला आडवं नगं कोणी.

सासर-माहेर दोन्हीकडं मेंढरं राखणाऱ्यांची घरं. मेंढरं गेली, ऊस आला, आणि घरची थोरली सून बांगड्या भरायला बसली तेव्हा भावकीत हसू झालं. “धनगराची सून कासारीण झाली की गं!” जयवंता म्हणायची, “व्हय, झाली. या, हात द्या.”

हा धंदा तिला सारजाबाई कासारणीनं दिला. म्हातारीची नजर अधू झाली तशी तिनं आपली टोपली उचलून जयवंताच्या डोक्यावर ठेवली आणि दोनच गोष्टी बजावल्या. “हातात चढंस्तवर बांगडी आपली, तोटाबी आपला. गिऱ्हाइकाकडं बोट दावायचं न्हाय. आन् फुटली असं तोंडातनं काढायचं न्हाय. वाढली म्हणायचं.”

सात वर्षं ती टोपली एसटीनं हिंडली. आठव्या वर्षी, सत्त्याण्णव साली, जयवंता शिकवणीला जाऊ लागली. शिकवणी धंद्याची. वालचंदनगरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले हिंदुराव तात्या दर गुरुवारी इंदापुरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ती घ्यायचे. सायकलवाला दादासो, पापडवाली, वीटभट्टीवाला, अशी सात-आठ माणसं. खाली गिरणीचा पट्टा फडफडायचा आणि वर तात्या म्हणायचे, “कष्ट तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही. मी फक्त आपल्या धंद्याकडं बघायला शिकवणार.”

बघायचं म्हणून प्रत्येकाला आठवड्याला एक कागद मिळे. वर तात्यांच्या वळणदार अक्षरात एकच प्रश्न, ‘या आठवड्यात काय वाढलं?’

जयवंतानं खरं तेच लिहिलं. ‘अडतीस वाढल्या.’ पुढच्या गुरुवारी ‘बावन्न’. मग ‘एकाहत्तर’. मग ‘एकशे दहा’. तात्या लाल पेनानं शेजारी लिहायचे, ‘शाब्बास!’ तिला नवल वाटे. एवढ्या काचा गेल्या, त्याला शाब्बासकी कसली? मग वाटे, खरं लिहिलं म्हणून असंल. मास्तर लोकांचं काय सांगता येतंय.

पाचव्या गुरुवारी बारामतीचे आप्पासाहेब आले. बांगड्यांचे ठोक व्यापारी. इंदापूर तालुक्यात त्यांना एक माणूस हवा होता. पेट्या थेट त्याच्याकडं उतरवायच्या आणि त्यानं गावोगावच्या टोपलीवाल्यांना माल द्यायचा. तो माणूस आपण झालो की एसटीच्या टपावरची टोपली सुटली, भिंतीला फळ्या लावून दुकान मांडता आलं. जयवंतानं हे महिनाभर मनात घोळवलं होतं. आप्पासाहेब तात्यांच्या शब्दाला मान देतात, हे तिला ठाऊक होतं.

“हे बघा कागद,” तात्या म्हणाले. “अडतीस, बावन्न, एकाहत्तर, एकशे दहा. दर आठवड्याला विक्री चढती. अशी बाई तालुक्यात दुसरी दाखवा.”

आप्पासाहेब चष्मा वर करून बघायला लागले. जयवंता त्या एका शब्दावर अडली. विक्री? तात्या ह्याला विक्री समजत होते!

गप्प बसली असती तर पेट्या आल्या असत्या. दादासो कोपऱ्यातनं भुवया उडवत होता, लागली बघ तुझी एजन्सी. तिनं पदर खोचला आणि उभी राहिली.

“तात्या, त्या इकलेल्या न्हाईत. वाढलेल्या हायत.”

“तेच तर मी सांगतोय.”

“तसं न्हाय वो. वाढलेल्या... म्हंजी...” तो शब्द जिभेवर येईना. तिनं दोन मुठी जवळ धरल्या आणि कट्कन दूर केल्या.

“आयला!” दादासो ओरडला. “तात्या, फुटल्याल्या म्हणतीया ती!”

खोलीत हशा फुटला. पापडवाली डोळे पुसायला लागली. आप्पासाहेबांनी टोपी उचलली. “म्हणजे नुकसान जितकं जास्त तितकी शाब्बासकी? भारी शिकवणी आहे तात्या तुमची.”

तात्यांचा चेहरा उतरला. “माझी आईसुद्धा हेच म्हणायची,” ते हळूच बोलले. “बांगडी वाढली. आणि मी चार आठवडे...” मग त्यांनी मान वर केली. “आप्पासाहेब, बसा दोन मिनिटं. चूक माझी आहे, तिची नाही. जयवंता, कुणाच्या हातात वाढतात?”

“माळेगावच्या तळावरच्या बायांच्या. ऊसतोडीच्या.”

“का?”

“कोयता धरून हात लाकडावानी झाल्यात त्यांचं. त्यांना अडीचच्या मापाची बांगडी पायजे, न्हायतर त्याच्याबी वरची. आन् पेटीत समदी सव्वादोन. अडीचच्या निस्त्या दोन डझन. मग हाय तीच दाबून भरते. निम्म्या चढत्यात, निम्म्या वाढत्यात.”

“हे कधी बोलली नाहीस?”

“तुमी इचारलं कुठं?”

 तात्यांनी ते कागद तिच्याच हातात दिले. “बरं, आता तूच बघ. आकडा दर आठवड्याला चढला तो कशानं?”

जयवंतानं एकेका कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. खाली गिरणी थांबली होती. “पहिल्यांदा एका तळावर जायची,” ती सावकाश म्हणाली. “मग दोन झाले. आता चार. बाया निरोप धाडत्यात, ये म्हणून.” तिचा आवाज बदलला. “म्हंजी गिऱ्हाईक हाय, तात्या. माप न्हाय.”

 तात्यांनी आप्पासाहेबांकडं बघितलं.

“पेटी वरून जशी येते तशी मी देतो,” आप्पासाहेब म्हणाले. “माप निवडून देत बसलो तर उरलेली बारीक बांगडी कुणाच्या गळ्यात घालू?”

“साळंच्या पोरींच्या हातात घाला,” जयवंता म्हणाली. “इंदापुरात साळंपाशी दोन बाया टोपली घिऊन बसत्यात. त्यांना बारीक माप पुरत न्हाय आन् मला उरतं. कुठल्या टोपलीला काय माप लागतं ते मला ठावं हाय. म्हणून तर मधी माणूस पायजे तुमाला.”

दादासो आता हसत नव्हता.

“आठ दिवस द्या,” ती पुढं बोलली. “एक पेटी, निस्ती अडीच आन् वरची. तळावर येऊन बघा. न्हाय चढल्या तर मी हाय आन् माझी टोपली हाय.”

आप्पासाहेबांनी टोपी पुन्हा गुडघ्यावर ठेवली. “आठ दिवस,” ते म्हणाले.

आठव्या दिवशी माळेगावच्या तळावर पाचटाच्या खोपटांपुढं ते खरंच येऊन उभे राहिले. दिवस मावळतीला होता. बाया फडातनं आलेल्या, हात धुऊन ओळीनं बसलेल्या. पहिली भीमा, चिंचेच्या सालीसारखा तळवा असलेली.

“तीन वर्सं हातात काच न्हाय बघ,” भीमा म्हणाली. “कासार हात बघून म्होरं जातंय.”

जयवंतानं तिचा अंगठा आत मुडपला, बोटांच्या मुळांवर हलकेच दाब दिला. हिरवी बांगडी गाठींपाशी अडली, कुरकुरली. मागच्या बाया पुढं वाकल्या. बांगडी वळली आणि मनगटावर जाऊन थांबली. मग दुसरी. मग तिसरी. भीमानं हात हलवून आवाज ऐकला आणि शेजारणीला ढोसून म्हणाली, “ऐक की गं!”

अंधार पडायच्या आत पेटीचा तळ दिसला. आप्पासाहेबांनी खाली वाकून पाचटावरचे तुकडे मोजले. चार बांगड्यांचे होते.

“पुढची पेटी कुठल्या गाडीनं पाठवू?” त्यांनी विचारलं.

“एका पेटीनं न्हाय भागायचं,” जयवंता पेटीतलं गवत झटकत म्हणाली. “तीन लागतील. कुठल्या पेटीत कुठलं माप, त्ये मी सांगते तसं घाला.”

आप्पासाहेबांनी खिशातनं पेन काढलं. “सांगा, जयवंताबाई.”