डभोईचा किस्सा

आमचे सुभानराव किस्से फार छान सांगतात. आवाज काढतात, हातवारे करतात, कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं. त्यांचा सगळ्यात गाजलेला किस्सा माझ्यावर आहे. अकरा वर्षं मी तो ऐकला, आणि बहुतेक वेळा लोकांना वाढता वाढता ऐकला.

किस्सा असा. त्र्याण्णव सालच्या वैशाखात मामंजींचं वर्षश्राद्ध चांदोदला नर्मदेकाठी उरकून आम्ही बडोद्याला परत येत होतो. गाडी जुनी पद्मिनी. चालवत होते सुभानराव, शेजारी मी, मागे सात वर्षांची सानवी. डभोईत एका बैलगाडीच्या मागे सुभानराव पेट्रोल वाचवायला टॉप गिअरमध्येच गाडी रेटत होते आणि ती आचके देत होती. मी म्हटलं, "अहो, गिअर बदला, इंजिन अडखळतंय." त्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "एवढं कळतं ना तुला? मग चालत ये." मी तिरीमिरीत उतरले, आणि ते निघून गेले. किस्स्याचा शेवट ते असा करतात : "आरशात बघतो तर बाईसाहेब कमरेवर हात ठेवून उभ्या! संध्याकाळी घरी दिसल्या म्हणून, नाहीतर मला वाटलं अजून तिथेच उभ्या असतील!" इथे सगळे हसतात. सासूबाई पदर तोंडाला लावून हसतात. माझी नणंद योगिनी तर आधीपासूनच हसायला लागते, कारण तिला शेवट पाठ आहे.

किस्स्यात जे येत नाही ते मी सांगते. पाय आखडले म्हणून चपला मी गाडीत काढून ठेवल्या होत्या, त्या गाडीतच राहिल्या. पर्सही राहिली. वैशाखातलं डांबर, पायात काही नाही, जवळ दमडी नाही. पुढच्या वळणाला गाडी थांबेल अशी माझी खात्री होती, म्हणून मी वळणापर्यंत चालत गेले. वळणापलीकडे रस्ता मोकळा होता. एस.टी. स्टँडवर एका म्हाताऱ्या गुजराती बाईने माझ्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या गाठोड्यातलं फडकं तांब्यातल्या पाण्यात भिजवलं आणि माझ्या पायाखाली घातलं. "बेसी जाव, बेन," म्हणाली. तिकीटही तिनेच काढलं. काय झालं, कुठल्या तुम्ही, काही विचारलं नाही. घरी पोचले तेव्हा दार सासूबाईंनी उघडलं. "आलीस? चहा टाक," म्हणाल्या. मी कशी आले हे मला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मागच्या काचेला नाक लावून रडणाऱ्या सानवीला वाटेत सांगण्यात आलं होतं की आई गंमत करतेय.

मला डूख धरता येतो. पुढच्याच वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले आणि लायसन्स काढलं. ते दाखवलं तेव्हा सुभानराव म्हणाले, "वा. फ्रेम करून घे." त्यांच्या गाडीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही; क्लच जाळशील म्हणायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, क्लच कशाने जळतो ते दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून दाखवते, पण ते असो. शाळेतल्या मोहनाबाईंचे यजमान मस्कतला होते आणि गाडी दारात उभी होती. दर रविवारी मी त्यांना भाजीला, देवळात, हवं तिथे नेऊन आणायचे. हाताची सवय मोडू दिली नाही.

एकच गोष्ट मनात होती. यांना त्याच डभोईत, तसंच, जवळ काही नसताना उतरवायचं आणि आपण निघून यायचं. त्यासाठी माझी गाडी हवी, आणि नुसती चालणारी नव्हे. त्या दिवशी हे मजेत गेले होते. मलाही मजा यायला हवी होती. सूड रडतकढत घ्यायचा असेल तर न घेतलेला बरा.

दोन हजार चार साली सानवीचं कॉलेज लांब पडायला लागलं तेव्हा मी जाहीर केलं की मी एक जुनी छोटी गाडी घेणार. पैसे माझे होते, त्यामुळे सुभानराव लगेच तयार झाले. माझी गाडी म्हणजे त्यांची दुसरी गाडी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पाणीगेटजवळ हसमुखभाई नावाचे दलाल होते. पत्र्याच्या शेडखाली पाचसहा गाड्या पुसूनपासून उभ्या असायच्या. सानवी धरून आम्ही तिघं गेलो.

बडोद्यात गाडी घ्यायची म्हणजे आधी ती विकायचा विचार करायचा. रिसेल काय येईल, ॲव्हरेज किती देते, गॅसचं किट बसतं का, हे तीन प्रश्न झाले की बोलणं संपलं. चालवायला कशी आहे हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हसमुखभाईंनी पहिली दाखवली ती एका डॉक्टरांची मारुती आठशे. "बेन, आंख मींचीने लई जाव," म्हणजे डोळे मिटून घेऊन जा, असं मला म्हणाले आणि किल्ली सुभानरावांच्या हातात ठेवली. सुभानरावांनी चक्कर मारली, मान डोलावली. मग मला दोन मिनिटं मिळाली. गाडी सज्जन होती. तिच्याबद्दल वाईट बोलायला काही नव्हतं, पण चालवताना माझ्या मनात उद्याच्या डब्याला भाजी कुठली करायची हे यायला लागलं. ती मी सोडली.

दुसरी उंच टपाची होती. "आईसाहेबांना चढाउतरायला किती छान," सुभानराव म्हणाले, आणि पुन्हा किल्ली त्यांच्याच हातात गेली. आत बसलं की पाटावर बसल्यासारखं ताठ बसता यायचं. वळणावर मी जरा वेगात घातली तर आम्ही सगळे एका बाजूला कलंडलो. सुभानराव ओरडले. मी म्हटलं, "नको."

"तुला हवंय तरी काय?" त्यांनी विचारलं.

मला हवी ती कोपऱ्यात उभी होती. जांभळट लाल रंगाची झेन, जमिनीला लागून, आखूड, डोळे मोठे. मालक कॅनडाला चाललेला पोरगा. सुभानरावांनी दुरूनच नाक मुरडलं. "ही? कॉलेजच्या पोरांची गाडी. डिकीत पाण्याची घागर मावणार नाही. आईसाहेब बसल्या तर क्रेन लागेल काढायला."

हसमुखभाई सवयीने किल्ली त्यांच्याकडे द्यायला लागले. मी मध्ये हात घातला. "इकडे द्या."

पाणीगेटच्या गर्दीतून बाहेर काढून मी ती वाघोडिया रोडला घातली, आणि तिसऱ्या गिअरमध्ये जरा ताणली. पाठ सीटला टेकली. गुरगुरत अशी निघाली की जणू तीच इतकी वर्षं शेडखाली दातओठ खात उभी होती. गिअर दोन बोटांनी पडायचा. स्टिअरिंग नुसतं मनात आणलं की वळायचं. रस्त्यातला खड्डा खड्ड्यासारखा कळायचा आणि सपाट भाग सपाट कळायचा; कुणी मध्ये उशी घालून ठेवलेली नव्हती. एका रिक्षाला मागे टाकून मी दोन टेम्पोंमधून निघाले तेव्हा शेजारी सुभानराव नसलेला ब्रेक दाबत होते.

"केवढा आवाज! गिअर बदल ना, पेट्रोल पितेय ती," ते म्हणाले.

"आई," मागून सानवी म्हणाली, "तू हसतेयस."

मी गाडी थांबवली आणि उभ्यावरून पुन्हा पळवली. मग पुन्हा. पहिला, दुसरा, तिसरा. उभी गाडी किती लवकर निघून जाते हे मला नीट बघायचं होतं. रिव्हर्सही तीनदा टाकून पाहिला. परत आलो तेव्हा हसमुखभाई टायरांकडे बघून, रेसला निघालात की काय अशा थाटात म्हणाले, "बेन, रेसमां जवानां छो?"

"डभोईला," मी म्हटलं. सानवीने माझ्याकडे पाहिलं. 

गॅस किटवरून घरी आठवडाभर वाद झाला. मी शेवटी सांगितलं की सिलिंडर स्वयंपाकघरात आहे तेवढा पुरे. झेन आमच्या गोत्रीच्या सोसायटीत आली.

श्रावणातल्या एका रविवारी मी म्हटलं, नवीन गाडी आहे, चांदोदला देवाच्या पाया पडवून आणू. संध्याकाळी योगिनी आणि तिचे यजमान जेवायला येणार होते, त्यांचा स्वयंपाक मी सकाळीच अर्धा करून ठेवला. सानवी अभ्यासाचं कारण सांगून घरी राहिली. "जाताना तू घे, येताना मी," असं सुभानरावांनी ठरवलं. बसल्या बसल्या मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट टोचतं म्हणून काढून पुढच्या खणात ठेवलं, त्यावर मोबाईल ठेवला. गाडी कुठलीही असो, ते हे करतात. मी ते अकरा वर्षांत विसरले नव्हते.

वाटभर ते मला चालवायला शिकवत होते. आता फोर्थ टाक. आता हॉर्न दे. एवढ्या जवळ नको. मी सगळं ऐकलं, गोड बोलले. येताना किल्ली मागितली तर म्हटलं, "डभोईपर्यंत मीच घेते, तिथे चहा पिऊ, मग तुम्ही." डभोईत किल्ल्याच्या भिंतीजवळ एका फरसाणवाल्याशेजारच्या अरुंद बोळात मी गाडी नाकाने आत घातली. तो बोळ मी मुद्दाम निवडला होता. गाडीत बसूनच चहा झाला, भजी झाली. सुभानरावांनी पैसे दिले, पाकीट पुन्हा खणात ठेवलं, मग मागे वळून बोळाकडे पाहिलं.

"रिव्हर्स तुला नाही जमायचं इथून," ते म्हणाले. "थांब. मी उतरतो."

लग्न झाल्यापासून गाडी मागे घ्यायची वेळ आली की उतरणारी मी. पावसात, चिखलात, भर चौकात लोक बघत असताना "येऊ द्या, येऊ द्या" करत उभी राहणारी मी, आणि चाक दगडाला लागलं तर शिव्या खाणारीही मीच. आज ते आपल्या पायांनी उतरले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडे काप. अजून येऊ दे."

मी एका दमात बाहेर काढली. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, सरळ रस्त्यावर, तोंड बडोद्याकडे. त्यांच्या बाजूची काच उघडी होती.

"अहो," मी म्हटलं.

"काय?"

"एवढं कळतं ना तुम्हाला? मग चालत या."

हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलं होतं की ते फसेल अशी भीती होती. फसलं नाही. पहिला, दुसरा. आरशात ते एक हात वर धरून उभे होते, मला थांबवणारा हात तसाच. पायात बूट होते, एवढंच काय ते त्यांचं नशीब माझ्यापेक्षा बरं.

खरं सांगते, वळणाला थांबायचा विचार मनात येऊन गेला. माणूस शेवटी माणूस असतो. वळण आलं, मी तिसरा टाकला आणि पाय खाली दाबला.

रस्ता धुऊन निघालेला होता, दोन्ही बाजूंना कपाशी हिरवीगार. गाडी कुठल्याही वळणावर कलंडायची नाही, कुरकुरायची नाही, नुसती वळायची. मी मोठ्याने हसले. मला जराही वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटत नाही याचंही वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी योगिनी आणि तिचे यजमान आले. "दादा कुठाय?" तिने विचारलं. सगळे बसले होते, सासूबाई झोपाळ्यावर, सानवी दारापाशी. मी किस्सा सांगितला. हातवारे करून, आवाज काढून, योग्य तिथे थांबून सांगितला. "आरशात बघते तर साहेब हात वर करून उभे," मी म्हटलं आणि थांबले.

कुणी हसलं नाही.

"वहिनी, हे काय वागणं झालं?" योगिनी म्हणाली.

"किस्सा आहे, वन्सं. हसा ना."

सासूबाईंनी झोपाळा थांबवला. "पाकीट नाही त्याच्याजवळ? फोन नाही? डोकं फिरलंय का तुझं, कांचन?" योगिनीचे यजमान गाडी काढायला उठले. तेवढ्यात दार वाजलं.

सुभानराव आत आले. शर्ट पाठीला चिकटलेला, बूट चिखलाने माखलेले, चेहरा उतरलेला. सासूबाई गुडघे धरत उठल्या. "अरे, आलास कसा रे तू? कुणी आणलं? पाणी द्या त्याला कुणीतरी. पाय बघू." योगिनी पाणी घेऊन धावली. "बसने आलास? उभ्याने? तिकिटाचं काय केलंस?" मी दाराकडे बघत होते. याच बाईंनी मला दार उघडलं होतं.

सुभानराव पाणी प्यायले, हातपाय धुऊन आले, ताटावर बसले. माझ्या अंगावर ओरडतील म्हणून मी तयार होते, मला ते हवंही होतं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. मग वर बघून, हळू आवाजात, सगळ्यांसमोर विचारलं, "तेव्हा तू कशी आली होतीस?"

त्यांना खरंच ऐकायचं होतं. ती म्हातारी बाई, ते ओलं फडकं, तळपायांचे फोड, सगळं माझ्या जिभेवर होतं, आणि ऐकलं असतं तर बहुधा त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही.

"आमटी गार होतेय," मी म्हटलं. "जेवा आधी."