मामाचं दुखणं दोनावर

डॉक्टरीणबाईंचं यंत्र पट्ट्यानं मान हलकेच वर ओढायचं. त्यानं मणक्याचं दुखणं खरंच कमी होतं का, याचाच अभ्यास चालला होता. निम्म्या रुग्णांना खरा ताण, निम्म्यांना नुसता पट्टा आणि मोटारीची घरघर. कुणाला काय मिळतंय, हे शेवटपर्यंत तिलाही कळायचं नव्हतं. नातेवाईक घ्यायचे नाहीत, हा नियम तिनंच केलेला. पण मामा ऐकेल तर शपथ!

"अख्ख्या जगाची मान सरळ करतेस, मामाच तेवढा परका होय गं?"

जन्मभर शिलाई मशीनवर वाकून मामाच्या मानेचा पार भुगा झाला होता. त्याच शिवणकामावर त्यानं या भाचीला डॉक्टर केलं होतं. ती विरघळली आणि तिनं स्वतःचाच नियम धाब्यावर बसवला.

शून्य ते दहात दुखणं किती, हे विचारायला तिनं मुद्दाम एक तिऱ्हाईत बाई नेमली होती. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून रुग्ण आकडा कमी सांगतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मामाला मात्र ती स्वतःच विचारायची, तेही चहा पिता पिता.

"आज किती, मामा?"

"दोन! जादू आहे बघ तुझ्या यंत्रात."

तिला कोण आनंद व्हायचा! मानेत मज्जारज्जू दबला की बोटांतली ताकद जाते, म्हणून हात तपासल्याशिवाय रुग्णाला सोडू नका, असं ती विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची. मामाचे हात तिनं एकदाही तपासले नाहीत.

मग एक दिवस मामीचा फोन आला. "ह्यांना सदऱ्याची बटणं लावता येईनात गं. सुई तर कधीचीच सुटलीय. तुला सांगू नको म्हणाले."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. धावपळ करून ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "आहे तेवढं टिकेल. गेलेली ताकद परत येणं कठीण. लवकर आणायला हवं होतंत."

पुढे अभ्यास संपला, गट उघड झाले. मामाला नुसता पट्टा मिळाला होता. म्हणजे त्याचा 'दोन' उलट यंत्राच्या विरोधातच गेला होता. तो आकडा तिनं काढून टाकला, तरी यंत्र नापास ते नापासच.

ती मामाकडे गेली. दुकानाला कुलूप होतं. मामा घरात खिडकीशी बसला होता, हात मांडीवर.

"खोटं का सांगितलंस रे मामा?" तिला रडूच फुटलं.

"आधी खरंच सांगितलं होतं की! पहिल्या आठवड्यानंतर नऊ म्हणालो, तर तुझं तोंड एवढंसं झालं. मग म्हटलं, कशाला उगाच पोरीचा हिरमोड करायचा?" तो मिश्कील हसला. "ते जाऊ दे. यंत्र पास झालं ना?"

किती आशेनं बघत होता तो!

"झालं, मामा," ती म्हणाली.