खालची बालटी

आमचं क्वार्टर मरोद्याला, वरच्या मजल्यावर. वर पाणी चढत नाही, खालच्या नळावरून आणावं लागतं. त्यावरूनच यांनी कधीतरी कोडं रचलं होतं : "बालटी खाली हाय, तरी काठोकाठ भरून हाय. कशी?" हिंदीत खाली म्हणजे रिकामी, मराठीत खाली म्हणजे तळाशी. भिलाईतल्या आमच्या घरांत हा शब्द दोन्हीकडून चालतो, म्हणून येणारा-जाणारा हमखास फसायचा.

प्लांटमधून रिटायर झाल्यावर यांचं एकेक विसरत गेलं. नातलग, रस्ते, जेवलो की नाही. इतकी कोडी यायची, त्यातलं हे एवढंच उरलं. दिवसभर मला तेच विचारतात. मी "नाही येत जी" म्हटलं की खुलतात, उत्तर सांगतात, दोन घास जास्त जेवतात.

पण गुरुवारी माझं महाराजांचं व्रत असतं, खोटं बोलायचं नाही. मग मी पोथी उघडून बसते, ऐकू न आल्यासारखी. तेही खोटंच, पण निदान तोंडातून नाही.

सून मोना म्हणते, "आई, हिंदीत 'नहीं आता' बोलून टाका ना! महाराज काय तुमचीच हाजरी घेऊन राहिले?"

त्या गुरुवारी उपास होता, गुडघे ठणकत होते. पाण्याची खेप घेऊन वर आले तर हे दारातच उभे. "सांग वो, बालटी खाली हाय, तरी..."

"खाली म्हंजे खालच्या नळापाशी! मीच तर आणून राहिले!"

यांचा चेहरा एकदम उतरला. भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारचं ताट तसंच राहिलं.

दिवेलागणीला मी जवळ जाऊन बसले. "अहो, ते बालटीचं विचारा ना."

"कोनतं?"

मीच कोडं घातलं. यांनी ते स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मले नाही येत."

मी उत्तर सांगितलं. खोकला येईस्तोवर हसले. "भारी हाय वो! कोनं बनवलं?"

"तुमीच."

"चल! मले कुठून सुचते असं?"

मोनानं ताट गरम करून आणलं. पहिला घास घेत म्हणाले, "अजून एक सांग."

दुसरं कुठून आणू? रचणारे हे, मी नुसती हरणारी. "नाही येत जी मले."

"मंग तेच सांग."

मी पुन्हा सुरू केलं.