शेजारणीचा प्रश्न

हेवा गोवरासारखा असतो. लहानपणी येऊन गेला तर बरा, म्हातारपणी आला की फार छळतो. नेदरलँड्समधल्या वोमेल्स गावच्या डाउवे टेरप्स्त्राला तो त्रेसष्टाव्या वर्षी झाला. आणि कुणाचा, तर गोठ्यागोठ्यात जाऊन दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या रेन्स्केचा, जिला या नादाला त्यानंच लावलं होतं.

नाद असा. गावातल्या जुन्या डेअरीच्या कँटीनमध्ये बारा माणसांचा एक क्लब जमायचा. युनिक्सच्या घराण्यातली कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घ्यायची, काड्यापेटीएवढ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बसवायची, आणि ते बोर्ड कालव्याच्या काठी डबीत घालून सोडून द्यायचं. सोबत तळहाताएवढी सौर पट्टी आणि एक छोटी बॅटरी. वायर नाही, वीज नाही. ते बिचारं पाण्याचं तापमान मोजायचं आणि बर्फ धरतोय का ते गावाला कळवायचं. उन्हाळ्यात हे कुणालाही जमतं. खरी परीक्षा डिसेंबरात, कारण तिथला डिसेंबरातला सूर्य माहेरी आलेल्या लेकीसारखा, टेकतो न टेकतो तोच परत निघतो. नाताळापर्यंत एकेकाचं यंत्र मान टाकायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी क्लबात आकडे वाचले जात. कुणाचं यंत्र किती दिवस सलग चालू आहे, एवढंच. आपला आकडा आपण वाचायचा नाही. प्रत्येकाच्या यंत्राची चावी, म्हणजे आत शिरायची परवानगी, दुसऱ्या कुणाकडे तरी असे, आणि तो चावीवाला उभा राहून आकडा सांगे. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या यंत्रातली सगळी मांडणी उचलून त्या वर्षीचं तयार मेमरी कार्ड बने. हे कार्ड मग शाळांत, गोठ्यांत, बोटींवर जाई. बोर्डात खुपसलं की झालं.

अकरा वर्षं त्या कार्डाला लोक ‘डाउवेचं कार्ड’ म्हणत होते. क्लबातलेच नव्हे, सगळेच. बोटींच्या दुकानात पोरं विचारायची, डाउवेचं कार्ड आहे का. डाउवे नावाचा एक जिवंत माणूस तीन गल्ल्या पलीकडे राहतो, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. डाउवेला त्याचंच जास्त अप्रूप होतं. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, मुलं शहरात, ग्रोनिंगेनला, निघून जातात, पण नाव असं बाजारात वस्तू होऊन फिरत राहिलं तर अजून काय हवं?

आणि या वर्षी ते जाणार होतं. त्याचं यंत्र, ल्यिप, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बॅटरीने दगा दिल्यामुळे बंद पडलं. नवी बॅटरी घालून पुन्हा सुरू केलं तेव्हापासून नव्वद दिवस झाले होते. बाकीच्यांची तर त्याहूनही वाईट गत होती. एरवी नव्वदात तो यंदाही पहिला आला असता. पण रेन्स्केचं यंत्र, स्क्रीस, दोन हिवाळे खाऊन वर ढेकर देत उभं होतं. चारशे चाळीस दिवस.

आणि स्क्रीसची चावी होती डाउवेकडे. म्हणजे शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून तो आकडा त्यानंच सांगायचा होता.

लोकांत तो तिचं कौतुक करायचा, नाही असं नाही. पण त्याच्या प्रत्येक कौतुकाला ‘पण’चं शेपूट असे. हुशार आहे, पण जागा चांगली मिळाली तिला, ऊन येतं तिथे. चिकाटी आहे, पण बोर्डच नव्या जातीचं आहे. त्याची बायको चित्स्के हे सगळं ऐकून होती. शुक्रवारी दुपारी गाण्याच्या सरावाला निघताना गळपट्टा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “डाउवे, पोरीला एकदा मनापासून शाबास म्हण आणि मोकळा हो. नाहीतर पित्त होईल तुला.”

“मी तर म्हणतोच शाबास.”

“म्हणतोस. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणतोस.”

ती गेली आणि डाउवे कॉम्प्युटरसमोर बसला. चावी अडीअडचणीलाच वापरायची, हा नियम. डाउवे महिनाभर दिवसातून तीनदा स्क्रीसच्या आत डोकावत होता. अडचण एकच होती, ते बंद पडत नव्हतं. तिनं हे साधलं कसं, हे त्याला हवं होतं. पहिल्यांदा वाटलं, काहीतरी जबरदस्त घातलं असणार. मग लक्षात आलं, तिनं घातलं काहीच नव्हतं, नुसतं काढलं होतं. डाउवेच्याच कार्डावरून सुरुवात करून तिनं एकेक वस्तू घराबाहेर ठेवली होती, आणि काय काढलं त्याची नीट यादी करून ठेवली होती. नोंदी लिहिणारा त्याचा प्रोग्राम नाही. घड्याळ जुळवणारा त्याचा प्रोग्राम नाही. यंत्र मिनिटातून एकदा डोळा उघडी, काम करी आणि पुन्हा झोपी जाई. तिसऱ्या ओळीवर मात्र तो थांबला. आत शिरल्यावर दिसणारं स्वागताचं वाक्य तिनं काढून टाकलं होतं. ‘या, बसा, हे डाउवेचं कार्ड आहे.’ ते वाक्य! एवढंसं वाक्य असं किती ऊन खाणार होतं? त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पुढची यादी त्यानं वाचलीच नाही.

त्या दुपारी पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एकीत ल्यिप, आपल्या बॅटरीवर नजर ठेवायला. दुसरीत स्क्रीस. दोन्ही दिसायला सारख्याच, फक्त ओळीच्या आरंभी बारीक अक्षरात यंत्राचं नाव. बाहेर उणे सात होतं. अशा थंडीत बॅटरी जाऊ शकते, कुणाचीही जाऊ शकते. हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो साधा विचार होता. पाच मिनिटांनी त्याचा बेत झाला होता. एक शब्द लिहायचा, यंत्र बंद. डबी उघडून बटण दाबेपर्यंत ते उठत नाही. उद्या आपण उभं राहायचं, मान हलवायची, आणि सांगायचं, शून्य. लोक म्हणतील, थंडी. रेन्स्केसुद्धा थंडीच म्हणेल.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, जणू दिसलं नाही की केलंही नाही, आणि बंद करायचा शब्द टाईप केला.

यंत्रानं प्रश्न विचारला. कार्डावर ‘शेजारीण’ नावाचा एक चिमुकला पहारा असे. आठ वर्षांपूर्वी क्लबातल्या हाइतेनं आपलं समजून भलत्याचंच यंत्र बंद केलं होतं, त्यानंतर डाउवेनंच तो लिहिला होता. कुणी यंत्र बंद करू लागलं की शेजारीण दारात उभी राहून विचारी: कुणाचं घर बंद करतोस? नाव बरोबर लिहिलं तरच कुलूप लागे.

डाउवेनं लिहिलं, स्क्रीस.

शेजारणीनं उत्तर दिलं: बरं झालं विचारलं. हे स्क्रीस नाही, ल्यिप आहे. काही बंद केलेलं नाही.

त्यानं चष्मा खाली ओढला. खिडकी चुकली होती. हात आपल्याच घरात चालला होता. पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं, नव्वद दिवस वाचले म्हणून. मग त्याला शेजारणीची दुसरी सवय आठवली. ती गप्प बसत नसे. चुकीचं नाव पडलं की काय विचारलं, काय उत्तर मिळालं, ते शब्दश: लिहून चावीवाल्याला त्याच क्षणी पत्र धाडी. ही युक्तीही त्याचीच, आणि तिच्यासाठी त्यानं क्लबात टाळ्याही घेतल्या होत्या. ल्यिपची चावी होती रेन्स्केकडे.

गेलेलं पत्र परत बोलावता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी त्यानं चार-पाच खटपटी केल्या. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि कारण नसताना किटली धुतली.

तासाभरात रेन्स्केची गाडी दाराशी लागली. कामावरचे बूट तिनं बाहेर काढले, मोज्यांनी आत आली, तिच्या अंगाला गोठ्याचा वास येत होता. त्यानं कॉफी ओतली, पुढे साखरेचा पाव ठेवला. ती बसली, पण पावाला हात लावला नाही. पत्र आलंय, म्हणाली. कुणाला दाखवलेलं नाही, हेही म्हणाली. मग तिनं त्याला निसटायला वाट करून दिली.

“हाइतेसारखं झालं असेल ना, डाउवे? काहीतरी भलतंच टाईप झालं असेल.”

नुसतं हो म्हणायचं होतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. तुझी बॅटरी फार उतरलेली दिसली, तो म्हणाला, पार बसण्याआधी नीट बंद करावं म्हटलं, यंत्राच्या भल्यासाठी. रेन्स्केनं खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. स्क्रीसची बॅटरी पाऊण भरलेली होती. तिनं फोन तसाच धरून ठेवला.

“मला तुझा हेवा वाटतो,” डाउवे शेवटी म्हणाला. “असा की अन्न गोड लागत नाही. अकरा वर्षं मी भरत गेलो, तू दोन वर्षांत सगळं काढून टाकलंस, आणि तुझंच बरोबर निघालं. उद्या ते माझ्या तोंडानं सांगायचं म्हणजे मला मरण वाटतं.”

तिनं विचारलं, स्क्रीसची खिडकी अजून उघडी आहे का. होती. ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि तो मागे उभा राहिला.

“माझ्याकडे शेजारीण नाही, डाउवे. पत्र पाठवणारा प्रोग्राम काढला तेव्हा तीही गेली. यादीत लिहिलंय मी. तुम्ही बरोबर खिडकीत लिहिलं असतंत तर कुणी काही विचारलंच नसतं.” आणि तिनं तो शब्द लिहिला.

“थांब,” डाउवे म्हणाला. “नको. अगं, चारशे चाळीस—”

“दुपारी तुम्ही थांबला नाहीत.”

तिनं बटण दाबलं. शेजारीण आली नाही, प्रश्न आला नाही. खिडकीत संबंध तुटल्याची एक ओळ उमटली आणि मग नुसताच काळा पडदा. महिनाभर ज्याची तो वाट पाहत होता ते समोर घडलं होतं, आणि तो वाकून त्या काळ्या पडद्यावर ते नाव शोधत होता.

“आकड्याचं मला काही नाही,” रेन्स्के उठत म्हणाली. तिचा आवाज मात्र आता सरळ नव्हता. “बोर्ड आहे, पुन्हा चालेल. पण चावी द्यायला मला अकरा माणसं होती. मी ती तुम्हाला दिली, कारण तो आकडा मला तुमच्या तोंडून ऐकायचा होता.”

ती बूट घालून निघून गेली. पाव तसाच राहिला. आणि या डाउवे नावाच्या माणसाची कमाल अशी की लाजेनं कान तापलेले असतानाही एक बारीक काटा त्याला टोचतच होता: आपल्याला चारशे चाळीस दिवस असे एका बोटानं सोडून देता आले नसते. त्याला तिच्या त्या बोटाचाही हेवा वाटला. चित्स्के घरी आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं गळपट्टा सोडून खुंटीला लावला. मग म्हणाली, पित्ताची गोळी वरच्या फडताळात आहे.

शनिवारी कँटीन भरलं होतं. हाइतेचा आकडा एकोणीस आला, तेव्हा हशा झाला. मग ल्यिपचा. रेन्स्के उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, एक्क्याण्णव. लोकांनी टेबलं वाजवली. तिनंही वाजवली, नजर मात्र वर केली नाही. क्लबाचा मुख्य ऊने खडू घेऊन फळ्याशी उभा होता. त्यानं स्क्रीसचं नाव घेतलं.

डाउवे उभा राहिला. रेन्स्केनं हळूच मान हलवली, म्हणजे थंडी म्हणा, मी काही बोलणार नाही. तिची ती दया त्याला सगळ्यात जास्त झोंबली.

“चारशे चाळीस,” तो म्हणाला.

ऊने आकडा लिहू लागला. पण हाइतेनं आपल्या फोनवर पाहिलं होतं. “कसले चारशे चाळीस? स्क्रीस तर कालपासून बंद आहे. गोठलं की काय?”

“गोठलं नाही,” डाउवे म्हणाला. “काल मी ते बंद पाडायला बसलो होतो, चोरून. खिडकी चुकली म्हणून जमलं नाही. मग तिनं माझ्यासमोर ते स्वत: बंद केलं. पण ते गेलं माझ्यामुळे. आकडा तिचाच आहे, लिही.”

कुणी टेबल वाजवलं नाही. हाइते, ज्याची आठ वर्षं सगळ्यांनी टर उडवली होती, डाउवेकडे पाहत राहिला. ऊनेनं खडू हातातल्या हातात फिरवला, आणि मग विचारायलाच हवं म्हणून विचारलं, मग यंदाच्या कार्डावर नाव काय घालायचं.

डाउवेच्या पोटात दुखलं. अगदी तेव्हाही दुखलं.

“रेन्स्केचं कार्ड,” तो म्हणाला, आणि खाली बसला.