छत्तीस खिळे

बुद्धविहाराचा हॉल कमिटीने बकुळाला दिला तो डोळे वटारूनच. कॅरम क्लबच्या मंडळींना तो सकाळीसुद्धा हवा होता. सेक्रेटरी शरदचंद्र यांनी मध्यममार्ग काढला. "बकुळाताई, एक मेपर्यंत बालवाडी चालवा. पोरं अक्षरं शिकली तर हॉल तुमचा, नाय तर क्लबचा. नंतर तक्रार नको."

अंबरनाथ पश्चिमेच्या या आळीतल्या निम्म्या बाया कारखान्यात जायच्या. बालवाडी बंद झाली तर पोरं दिवसभर गटाराच्या कडेला, हे बकुळाला पक्कं ठाऊक होतं. ती कामाला लागली. काडेपेटीच्या कारखान्यात जाणाऱ्या द्रौपदीने पुठ्ठ्याचे तुकडे आणून दिले. बकुळाने क पासून ज्ञ पर्यंत छत्तीस अक्षरं रंगवली आणि भिंतीवर खिळे ठोकून ओळीने टांगली. ज्याच्या नावाचं अक्षर, त्याचं दप्तर त्या खिळ्याला. महिन्याभरात पोरं धावत येऊन न चुकता दप्तरं अडकवू लागली. बकुळाची छाती फुगली, आणि का फुगू नये?

मार्चअखेरीस चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी हॉलला चुना मारला. रंगाऱ्याने पुठ्ठे काढले आणि हाताला येतील तसे परत टांगले. दुसऱ्या दिवशी शरदचंद्र काम बघायला आलेले असतानाच पोरं आली. एकाने वर मान करून पाहिलं असेल तर शपथ! जयदेवचं दप्तर भ खाली, द्रौपदीच्या काशीचं ठ खाली. सगळी नेहमीच्याच जागी, एकदम खुशीत.

"ताई," शरदचंद्र म्हणाले, "ह्यांना अक्षरं कुठे येतात? खिळे येतात."

बकुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने काशीला विचारलं, "ट नंतर काय गं?" पोरीने डोळे मिटले, क पासून गाणं सुरू केलं आणि ट कधी मागे गेला ते तिलाच कळलं नाही. चूक पोरांची नव्हती. गाणंही आपलंच आणि खिळेही आपलेच, हे बकुळाने स्वतःशी कबूल केलं. रडायला वेळ नव्हता, महिना उरला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने सगळे पुठ्ठे चटईवर ओतायला सुरुवात केली. पोरांनी आधी पुठ्ठे ओळीने टांगून भिंत लावायची, मग दप्तर अडकवायचं. तोवर दप्तर खांद्यावर. आणि क पासून सुरू करायला सक्त बंदी. कधी प पासून, कधी ट पासून, तिथून पुढे आणि तिथून मागे. पहिल्या दिवशी भिंत पुरी व्हायला साडेअकरा वाजले, तिघांनी भोकाड पसरलं, आणि काशी घरी गेल्यावर द्रौपदी भांडायला आली.

"बकुळे, पोरीचा खांदा दुखतोय ना! एवढीशी ती, टेन्शन कशाला देते तिला?"

"दुखू दे जरा," बकुळा म्हणाली. "ती खुशीत गायची म्हणून तिला येतंय असं वाटलं मला, तेच चुकलं माझं."

एप्रिल उलटेपर्यंत भिंत अर्ध्या तासात लागू लागली.

एक मेला शरदचंद्र आले, पाठोपाठ क्लबचे दोघे. शरदचंद्रांनी पुठ्ठे स्वतः पिसले आणि चटईवर टाकले. पोरं तुटून पडली. भिंत भराभर लागत गेली. जयदेव 'द'च्या शेजारी 'न' अडकवायला गेला, तर काशीने त्याच्या हातावर चापट मारली.

"थांब रे! मध्ये ध यायचाय."

ध सापडेना. पोरांनी चटई उचलली, कॅरम बोर्डामागे शोधलं. काशीने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग मोठ्या माणसांकडे एकेक करून पाहिलं आणि शरदचंद्रांसमोर हात पसरला.

"काका, ध द्या ना. आमची भिंत अडलीय."

शरदचंद्रांनी मुद्दाम कपाळाला आठ्या घातल्या. "ध कुठे असतो तुझ्या मते?"

"न च्या आधी."

त्यांचे ओठ हलू लागले. क पासून पुटपुटत ते न पर्यंत आले, पुन्हा एकदा खात्री केली आणि सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठा काढून तिच्या हातावर ठेवला.

"हॉल बालवाडीचा," शरदचंद्र घसा खाकरून म्हणाले. "नऊ ते बारा."

"एक वाजेपर्यंत," बकुळा म्हणाली. "आता पोरांना शब्द शिकवायचेत."