दाजींच्या काळजाचा पोलिंग एजंट

आमच्या दाजींना उजवा हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही. चहात साखर कमी आहे एवढं सांगायचं असलं, तरी हात खांद्याच्या वर जातो. पंचायत समितीत दोनदा निवडून आलो ते या हाताच्या जोरावर, असं ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना हात वर असतोच.

त्यामुळे लिंबागणेशच्या अलीकडच्या आमच्या गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करताना त्यांचा हात वरच्या वर थांबला, तोंड उघडं राहिलं आणि कपाळावरून घाम ओघळायला लागला, तेव्हा लोकांना वाटलं, आता मोठा मुद्दा येतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण साखराबाई, बायकांच्या रांगेतून उठली. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा अर्ध्या वाक्यात गप्प झालेला तिने कधी पाहिला नव्हता.

"सोमा, गाडी काढ," ती म्हणाली.

बीडच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. ती बघून एक तरुण डॉक्टरीणबाई जवळजवळ पळतच आल्या. हार्ट अटॅक होता. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती आणि अँजिओप्लास्टी लगेच करायला हवी होती. दाजींनी छातीवर हात दाबून धरला होता, चेहरा राखेसारखा झाला होता, पण नजर डॉक्टरांच्या कोटावरच्या पाटीवर होती. तीस वर्षं मतदारयाद्या चाळलेला माणूस. मधलं नाव आधी वाचतो.

"राजनंदिनी धर्मराज," दाजी पुटपुटले. "सोमा, ही धर्मराजची पोरगी हाय."

धर्मराज म्हणजे कोण, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दाजी आणि तो यांच्या निवडणुकीतल्या भांडणामुळे आमच्या गावात दोन गणपती बसतात, दूध डेअऱ्या दोन आहेत आणि मयताला जाणारी माणसंसुद्धा दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात. दाजींनी त्याला लाऊडस्पीकरवरून जे जे म्हटलंय ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानेही काही कमी म्हटलेलं नाही.

"मला संभाजीनगरला न्या," दाजी म्हणाले. "हिच्या हातात मी माझं काळीज देनार न्हाई."

"तिकडे पोचेपर्यंत त्या काळजातलं बरंच मेलेलं असेल, काका," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाईत होत्या. मनगटातून एक बारीक वायर आत घालायची, ती हृदयापर्यंत न्यायची आणि जिथं बंद आहे तिथून हळूच पलीकडे काढायची, असं त्यांनी सांगितलं. मग त्या वायरीवरून फुगा जातो, स्टेंट जातो, रस्ता उघडतो.

"परकरात नाडी ववल्यावानी?" अक्काने विचारलं.

"अगदी तसंच, मावशी. फक्त इथं कापड फाटलं तर फार महागात पडतं. म्हणून वायरीचं टोक मऊ असतं आणि ती ढकलायची नसते."

"आन् ती वायर हिनं आतच ठिवली तर?" दाजी.

"काम झालं की पूर्ण काढतो आम्ही."

"कशावरून?"

मी डोक्याला हात लावला. जीव जायची वेळ आलेली आणि हा माणूस मतमोजणीला बसल्यासारखा प्रश्न विचारत होता. आणि मग त्यांनी जे मागितलं, ते अख्ख्या हिंदुस्थानात कुठल्या रोग्याने मागितलं नसेल.

"आमचा एजंट आत बसंल," दाजी म्हणाले. "पेटी उघडताना दोनी पार्ट्यांची मानसं लागतात. सोमा बसंल. वायर जेवढी आत गेली तेवढी भाईर आली का, ते त्यो बगंल."

प्रत्येक निवडणुकीत मी त्यांचा पोलिंग एजंट असतो हे खरं. पण तिथं डबा मिळतो, आणि कोणी मरत नाही.

डॉक्टर राजनंदिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "या. ऑपरेशनच्या खोलीला काच आहे, तिच्या बाहेर बसा. बोलायचं नाही."

"झालं समाधान?" अक्का दाजींवर वाकून म्हणाली. "आता गप पडा. लई झालं तुमचं राजकारन." आणि तिने सही केली.

काचेपलीकडे दाजींना टेबलावर निजवलं. मनगट बधिर केलं, माणूस मात्र पूर्ण जागा. उजवा हात फळीवर ठेवून पट्ट्यांनी बांधला. माझ्या मते निम्मं ऑपरेशन तिथंच झालं.

मोठ्या पडद्यावर दाजींचं हृदय धडधडताना दिसत होतं. औषध सोडलं की काळ्या फांद्या उमटायच्या आणि विरून जायच्या. त्यातली एक फांदी मध्येच छाटल्यासारखी संपत होती. दाजींनी मान वळवून तोच पडदा बघायला सुरुवात केली.

"सोमा!" काचेजवळच्या स्पीकरमधून आवाज आला. "कोन फुडं हाय?"

"मोजनी चालूय, दाजी. गप ऱ्हावा," मी इकडच्या माईकवर म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी तोंडावर बोट ठेवलं.

वायर पुढे सरकत होती. केसाएवढी रेघ, टोकाला थोडी वाकडी. छाटलेल्या फांदीपाशी ती पोचली आणि अडली. टोक मुडपलं. डॉक्टर थांबल्या आणि त्यांनी वायर मागं घेतली. पुन्हा नेली, पुन्हा टोक मुडपलं, पुन्हा मागं घेतली. त्यांची बोटं इतकी हळू फिरत होती, की मला ओरडून सांगावंसं वाटलं, जरा जोर लावा बाई. निवडणुकीत आम्ही असंच करतो. अडलं की जोर लावतो.

दाजींना तेवढाही धीर निघाला नाही.

"माघार घेतली!" ते ओरडले. "बापाचा फोन आला आसंल! सोमा, बगतोयस का बे? कावून मागं घेतली इचार तिला!"

आणि बोलताना हात उठला. पट्ट्यांनी मनगट धरून ठेवलं, पण खांदा वर आला. पडद्यावर ती केसाएवढी रेघ थरथरली. पलीकडच्या यंत्राचा आवाज एकदम बदलला, आणि माझी सगळी टिंगल तिथंच संपली. बाहेर अक्का पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती. तिला जाऊन काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी फार घाबरलो.

"आश्रुबा काका," डॉक्टर म्हणाल्या. "हात खाली."

आमच्या तालुक्यात दाजींना असं बोलायची कुणाची टाप नाही. दाजींचा खांदा टेकला.

"वायर वाकायला लागली की मागं घ्यायची असते. ढकलली असती तर रक्तवाहिनीला भोक पडलं असतं. आणि तुम्ही हललात तर ते भोक तुमच्यामुळे पडेल, पण गाव म्हणेल, धर्मराजच्या पोरीने मारलं. मला या जिल्ह्यात परत कोणी हात लावू देणार नाही." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नव्हती. "तुमच्यासारखीच मीही अडकलेय. तेव्हा पडून राहा."

दाजी पडून राहिले. तोंड मिटलं. डोळेसुद्धा मिटले. मी त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं, झोपेतही नाही, कारण झोपेत ते घोरतात.

डॉक्टरांनी वायर बाहेर घेतली, तिच्या टोकाला नखभर वेगळा बाक दिला आणि पुन्हा आत सोडली. टोक अडलं नाही. इकडेतिकडे चाचपत, डुलत ते पलीकडे गेलं, आणि मोकळ्या जागेत पोचल्यावर मोकळं हलायला लागलं. खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. मग फुगा गेला, मग स्टेंट. औषध सोडलं तेव्हा ती छाटलेली फांदी शेंड्यापर्यंत काळी झाली. कोरड्या चारीत पाणी सुटावं, तसं ते भराभर पुढे गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींनी आयुष्यभर मला राबवून घेतलं, पण माणूस माझा आहे.

शेवटी वायर बाहेर निघाली. डॉक्टरांनी तिचं टोक निरखून पाहिलं आणि मग ती माझ्यासाठी काचेजवळ उंच धरली.

"एजंट, बघून घ्या. टोकासकट पूर्ण आली."

मी मान हलवली.

बाहेर आलो तर बाकाच्या एका टोकाला अक्का होती आणि दुसऱ्या टोकाला टोपी हातात घेऊन धर्मराज. मला बघून तो उठला.

"हाय का?" त्याने विचारलं.

"हाय. रस्ता उघडला."

अक्काने पदर डोळ्यांना लावला. धर्मराज मटकन खाली बसला. "मी तिला म्हनलतो," तो म्हणाला, "ह्या मानसाला हात लावू नको. ह्याला काय झालं तर लोक म्हनतील, बापाचा सूड घेतला. फोनच ठिवला तिनं. तवापासून बसलोय हितं. साखराबाई, शप्पत सांगतो, ह्याच्यासाटी मी जल्मात पयल्यांदा देवाला हात जोडले."

त्या दिवशी दाजी जगावेत म्हणून जिल्ह्यात दोन माणसं जीव मुठीत घेऊन बसली होती. एक त्यांची बायको आणि दुसरा हा, ज्याने मागच्या निवडणुकीत त्यांचं डिपॉझिट जप्त करवलं होतं.

दाजींना आयसीयूकडे नेत होते. सोबत डॉक्टर होत्या. मास्क काढल्यावर ती पोर फारच लहान दिसली. धर्मराज पुढे झाला.

"चल बाई घरी. सकाळपासनं जेवली न्हाईस म्हनं. ड्युटी संपली ना तुजी?"

दाजींनी डोळे उघडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता इथंही सभा भरते की काय, म्हणून मी मध्ये सरकलो. पण दाजी बोलले ते इतकं हळू, की धर्मराजला खाली वाकावं लागलं.

"धर्मराज, आज तिला न्हिऊ नको. मला भ्या वाटतंय."

डॉक्टर काही बोलणार होत्या, पण त्यांच्या बापानेच स्ट्रेचरचा दांडा धरला.

"न्हाई न्हेत," तो म्हणाला. "मीबी हितंच बसतो."